सरकवलेला स्टॉप

कल्पिताला दुसऱ्याच्या मोबाइलात डोकावायची वाईट खोड होती. एरवी ती बघून गप्प बसायची. पण त्या दिवशी, घाटकोपर पूर्वेच्या रसवंतीसमोर, रांगेत तिच्या पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या मोबाइलावर शेअर बाजाराचा चार्ट उघडा होता आणि त्याचं बोट हिरव्या बटणाकडे निघालं होतं. तिला राहवलं नाही.

“इथे नका घेऊ,” ती म्हणाली.

मुलगा वळला. ऑक्टोबरच्या उन्हाने कपाळ घामेजलेलं, पांढऱ्या शर्टाची इस्त्री अजून शाबूत, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर बघू.

“काय नको घेऊ? रस?”

“रस घ्या हो. शेअर नका घेऊ. ते वरचे आणि खालचे पट्टे बघा ना, किती जवळ आलेत. बाजार श्वास रोखून बसलाय. आता उडणार हे नक्की, पण वर की खाली, ते कळू तर द्या!”

“तुम्ही कोण?”

“रांगेतली तुमच्या मागची.”

तो हसला, पण बोट मागे घेतलं. दोघांचे ग्लास भरून हातात येईपर्यंत भाव धाडकन खाली आला होता. त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला आणि भुवया उंचावल्या. तिने खांदे उडवले, जणू यात काय विशेष. खरं तर ती मनातून हरखली होती, पण ते कशाला दाखवायचं?

“प्रॅक्टिसचं खातं आहे,” तो म्हणाला. “खोटे पैसे. तरी थँक्यू यार... अहो.”

“यार चालेल,” ती म्हणाली.

अर्ध्या तासाने दोघं एकाच ऑफिसात, एकाच बाकावर, एकाच इंटरव्ह्यूसाठी बसलेले होते. ती मुलुंडची, मूळ मालवणकडची कल्पिता. तो वेसाव्याच्या कोळीवाड्यातला प्रीतम. दोघांनाही नोकरी लागली. इथवर सगळं कसं छान जुळून आलं. पण प्रेमकथा म्हटली की वाचणारे हातात अक्षता घेऊनच बसतात. त्या आधी खाली ठेवा. ही गोष्ट तशी नाही.

ऑफिस निमेशभाईंचं. फरसाणच्या दुकानावरचा दुसरा मजला, बारा-पंधरा माणसं, आणि स्वतःच्याच भांडवलावर बाजारात रोजची उलाढाल. निमेशभाईंनी तरुणपणी फार मोठा फटका खाल्ला होता. तेव्हापासून त्यांनी एक पद्धत पाडली होती. कोणताही सौदा एकट्याने करायचा नाही. टेबलावर जोडी. एकाने आखायचं, दुसऱ्याने करायचं. आखणारा सकाळी बाजार उघडण्याआधी पाठीमागच्या पांढऱ्या बोर्डावर लिहिणार: कुठे घ्यायचं, किती घ्यायचं, आणि चुकलं तर कुठे निमूटपणे बाहेर पडायचं. हा शेवटचा आकडा म्हणजे स्टॉप. आखणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही, आणि करणाऱ्याने आकड्याला.

“डोकं एकाचं, बोट दुसऱ्याचं,” निमेशभाई पहिल्याच दिवशी म्हणाले होते. “डोकं आणि बोट एकाच माणसाचं असलं ना, की तो स्वतःला फसवतो. मी फसवलं. म्हणून सांगतो.”

कल्पिता डोकं झाली आणि प्रीतम बोट.

आखणं तिला मनापासून आवडायचं. बाजार खाली-वर होतो हे कुणीही सांगेल. पण तो साधारण किती हेलकावतो, हे मोजता येतं, यात तिला फार मोठा आधार वाटायचा. एका फटक्यात सरासरी किती पॉइंटची उडी घेतो ते काढायचं, आणि स्टॉप त्याहून थोडा लांब ठेवायचा, म्हणजे नुसत्या हेलकाव्याने तो लागत नाही. हेलकावे वाढले की स्टॉप आणखी लांब, आणि माल तेवढाच कमी.

“हे बरोबर आमच्यासारखं आहे,” प्रीतम एकदा म्हणाला होता. “आजोबा वारा वाढला की शीड अर्धं उतरवायचे म्हणे.”

“मग तुझ्या आजोबांना नोकरीवर ठेवायला हवं होतं. तुला कशाला ठेवलं?”

“मी दिसायला बरा आहे म्हणून.”

“कोण म्हणालं?”

“रांगेतली माझ्या मागची. तोंडाने नाही म्हणाली. पण बघत होती ना...”

कल्पिताने खडू फेकून मारावा तसं मार्करचं टोपण त्याला फेकून मारलं. ते निमेशभाईंच्या केबिनच्या काचेवर आपटलं, आणि दोघंही एकदम सभ्य चेहऱ्याने आपापल्या पडद्याकडे बघू लागले.

असे दिवस जाऊ लागले. सकाळी ती लिहायची, तो वाचायचा. तो वाचताना ती बोर्डाकडे नाही, त्याच्या ओठांकडे बघायची. बाजार चालू असताना ते फारसं बोलायचे नाहीत. स्टॉप जवळ आला की तो नुसता तिच्याकडे बघायचा, ती मान हलवायची, आणि तो सौदा कापायचा. कापल्यावर दोघांनाही वाईट वाटायचं. पण ते एकत्र वाईट वाटणं... त्याची काय मजा असते, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच ठाऊक.

“आज मॅडमचा मूड किती पॉइंटमध्ये हलणार आहे?” तो सकाळी विचारायचा.

“कशाला हवंय?”

“स्टॉप कुठे लावू ते ठरवतोय. जवळ लावला तर उगाचच बाहेर पडेन मी.”

“लांब लाव,” ती म्हणायची, आणि मान खाली घालून हसायची.

निमेशभाईंच्या ऑफिसात कांदासुद्धा चोरून यायचा. त्यामुळे शुक्रवारी प्रीतमच्या आईने, शेवंतीने, दिलेला तळलेल्या बोंबलांचा डबा दिवसभर त्याच्या बॅगेत गुपचूप बसून राहायचा. संध्याकाळी मेट्रो आणि रेल्वे यांना जोडणाऱ्या पुलावर, एका खांबाला टेकून, दोघं तो उभ्याउभ्या संपवायची. माणसांचा लोंढा दोन्ही बाजूंनी वाहायचा. तिच्या बोटांना रव्याचे कण चिकटायचे आणि तो स्वतःचा रुमाल पुढे करायचा. मग तो मेट्रोच्या जिन्याने वर जायचा, ती मुलुंडकडे खाली उतरायची. उतरताना ती मागे वळून बघायची नाही. तो बघत असणार हे तिला पक्कं माहीत असायचं.

प्रेम झालं होतं, यात वाद नाही. पण बोलणार कसं? निमेशभाईंचा दुसराही एक नियम होता. एका टेबलावर नवरा-बायको नको, भाऊ-बहीण नको, आणि ‘असलं-तसलं’ तर मुळीच नको. “डोक्याचं आणि बोटाचं लग्न लागलं की कोण कुणाला नाही म्हणणार?” ते विचारायचे. बोललं तर टेबल जाणार. म्हणून दोघंही गप्प राहिली. पुलावर बोंबील खात राहिली.

जानेवारी उजाडला आणि बाजार बिथरला. बजेट तोंडावर आलं होतं. व्हीआयएक्स, म्हणजे बाजाराची धास्ती मोजणारा आकडा, रोज वर चढत होता. कल्पिताने माल निम्मा केला, स्टॉप लांब ठेवले, तरी पहिल्याच आठवड्यात एक लागला. दुसरा संक्रांतीनंतर लागला.

इथे निमेशभाईंचा तिसरा आणि शेवटचा नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच अडलं. एका महिन्यात जोडीचे तीन स्टॉप लागले की जोडी मोडायची. आखणाऱ्याने मागच्या खोलीत जाऊन जुने चार्ट तपासत बसायचं आणि करणाऱ्याला नवं डोकं मिळायचं. शिक्षा म्हणून नव्हे. डोकं तापलं की थंड करायला ठेवायचं, इतकंच. मागची खोली म्हणजे तरी काय, काचेची एक भिंत मध्ये.

पण दुसरा स्टॉप लागला त्या दिवसापासून प्रीतमचा चेहरा उतरला.

“अजून एक लागला तर?” त्याने पुलावर विचारलं.

“तर लागला. महिना संपायला आठ-दहा दिवस आहेत. बघू.”

“तुला काहीच वाटत नाही का गं?”

कल्पिताने डब्यातला आणखी एक बोंबील उचलला. तिला काय वाटत होतं ते तिने मनात केव्हाच पक्कं केलं होतं. तिसरा स्टॉप लागला तर लागू दे! जोडी मोडेल, टेबल सुटेल, आणि टेबल सुटलं की नियमही सुटेल. त्याच संध्याकाळी ती त्याला याच खांबापाशी उभं करून सांगणार होती, की बाबा रे, आता मी तुझं डोकं नाही, आता तू मला काय ते विचार, माझं उत्तर हो आहे. तिने वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण मुद्दाम चुकीचं आखणं तिला जमणार नव्हतं. आखायचं ते खरंच आखायचं, आणि बाजार जो कौल देईल तो घ्यायचा. जिंकलो तर टेबल, हरलो तर प्रीतम. दोन्हीकडून तिचंच भलं होतं.

एवढं सगळं तिने त्याला तिथेच सांगून टाकलं असतं तर? पण ती हसून म्हणाली, “खा ना, नाहीतर मीच संपवते.”

मंगळवार उजाडला. पट्टे पुन्हा एकमेकांना भिडायला आले होते आणि भाव वरच्या पट्ट्याला टेकून उभा होता. तिने बोर्डावर लिहिलं. निर्देशांकाचं फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, पाचशे वीसला घ्यायचं (मागचे हजार कुणी लिहीत नसे), माल अर्धा, स्टॉप चारशे चाळीस. प्रीतमने वाचलं. आकड्यावर त्याची नजर जरा जास्तच रेंगाळली.

“थोडा आणखी खाली नाही ठेवता येणार?” तो हळूच म्हणाला.

“हिशेबात बसत नाही.”

“नाही, म्हणजे... बरं. तू म्हणशील तसं.”

दहाच्या सुमाराला सौदा झाला. भाव जरा चढला, मग थबकला, मग पायरी पायरीने उतरू लागला. अकरा वाजून गेले तेव्हा कल्पिताच्या पडद्यावर आकडा चारशे चाळीसच्या खाली गेला. तिचं हृदय धडधडायला लागलं. भीतीने नव्हे. संध्याकाळ आली होती ना!

“लागला?” तिने विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

“नाही गं.” प्रीतमने मान वर केली नाही. “तू स्पॉट बघतेयस. फ्युचर वरच आहे. थोडक्यात वाचला.”

तिच्यासमोर खरोखरच स्पॉटचा, म्हणजे नुसत्या निर्देशांकाचा चार्ट होता, आणि फ्युचरचा भाव त्याहून थोडा वर असतो हे कुणालाही ठाऊक असतं. एक बटण दाबून तिला फ्युचरचा चार्ट बघता आला असता. तिने नाही बघितला. प्रीतम म्हणाला म्हणजे तसंच असणार. तिला फक्त थोडं वाईट वाटलं, की आजची संध्याकाळ गेली. पुढच्या वेळी, ती मनाशी म्हणाली, आणि वेणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

साडेबाराला कुठूनशी बातमी आली, की बजेटमध्ये बाजारावर नवा कर येतोय. खरी की खोटी, कुणी थांबून बघितलं नाही. भाव असा कोसळला की पडद्यावरचे पट्टे फाटल्यासारखे दोन बाजूंना पसरले.

“आता तर लागलाच असेल,” कल्पिता म्हणाली.

“हो... काढतोय... एक मिनिट.”

तिने त्याच्याकडे बघितलं. मग तिने त्याच्या पडद्याकडे बघितलं. सौदा तसाच उघडा होता, आणि तिचा चारशे चाळीसचा स्टॉप कुठेच नव्हता. त्या जागी कितीतरी खालचा आकडा होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत प्रीतमने तो आणखी खाली सरकवला.

“प्रीतम!”

“येईल वर. येईल गं. येतोच नेहमी.”

नाही आला. शेवटी ऑफिसच्या सिस्टिमने स्वतःच सौदा कापला. केबिनमधून निमेशभाई बाहेर आले. त्यांनी प्रीतमला उठवलं आणि स्वतः त्याच्या खुर्चीत बसून दिवसभराची नोंद उघडली. भाव खाली येण्याआधीच स्टॉप पहिल्यांदा सरकवलेला होता. मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. कल्पिता ते उभ्याने वाचत होती. पहिल्यांदा सरकवला तेव्हाची वेळ तिने बघितली. ‘थोडक्यात वाचला’ असं तो म्हणाला, त्याच्या जरा आधीची.

“का केलं?” निमेशभाईंनी विचारलं.

“लालच आली,” प्रीतम म्हणाला.

हेही खोटं होतं. ज्या मुलाने दिवाळीच्या बोनसमधून स्वतःला एक चप्पलसुद्धा घेतली नव्हती, त्याला कसली लालच? त्याला तिला जवळ ठेवायचं होतं. तिच्या शेजारची खुर्ची जाऊ नये म्हणून त्याने तिचाच आकडा सरकवला, आणि आता तिचं नाव येऊ नये म्हणून तो सगळ्यांसमोर लालची ठरत होता. कल्पिताला त्याला घट्ट मिठी मारावीशी वाटली, आणि त्याच क्षणी त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. निमेशभाईंनी त्याला दार दाखवलं आणि तो बॅग उचलून गेला. दारातून वळून त्याने तिच्याकडे बघितलं, पण तिने नजर खाली वळवली.

ऑफिस बुडालं नाही. माल अर्धाच होता म्हणून वाचलं, असं निमेशभाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग कल्पितापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, “कल्पिताबेन, तुझा आकडा बरोबर होता. पण तुझ्या हिशेबाने स्टॉप लागला ना? तिसरा. उद्यापासून मागच्या खोलीत बस.”

आणि अशा रीतीने, तिला जे हवं होतं, ते सगळं तिला मिळालं. टेबल सुटलं. नियम सुटला. काचेपलीकडे बसून ती जुने चार्ट तपासू लागली, आणि अलीकडे प्रीतमच्या खुर्चीत कृणाल नावाचा कुणी नवा मुलगा बसू लागला. तिने प्रीतमला फोन केले, त्याने उचलले नाहीत. रात्री उशीत तोंड खुपसून ती रडायची. असं वाटायचं, की छातीवर कुणी ओली गोणी ठेवलीय आणि ती दिवसेंदिवस जड होतेय.

रविवारी ती वेसाव्याला गेली. भांडायला नव्हे. तिने मेट्रोत बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं, की त्याला माफ करायचं. चुकला, घाबरला, प्रेमापोटी केलं, संपलं. आता मध्ये काहीच उरलेलं नाही. जायचं आणि हो म्हणायचं.

प्रीतम बंदराजवळ जाळं विणत बसला होता. तिला बघून तो उठला, हात पँटला पुसले, आणि म्हणाला, “तू... इथे?”

“फोन उचलत नाहीस, मग येणारच ना.”

“कुठल्या तोंडाने उचलू?”

“आहे त्याच.”

तो कसनुसा हसला. चार दिवसांची दाढी वाढली होती. सुकत टाकलेल्या बोंबलांच्या रांगांमधून तो तिला पुढे घेऊन गेला, जिथे काळे दगड पाण्यात उतरत जातात. समुद्र चढायला लागला होता. थोड्या अंतरावर शेवंती आणखी दोघींबरोबर जवळा निवडत बसली होती. तिने एकदा वर बघितलं, आणि समजल्यासारखी पुन्हा कामाला लागली.

“कल्पिता, तू मागच्या खोलीत गेली असतीस,” प्रीतम म्हणाला. “मग नवं कुणी आलं असतं. तू तुझ्या वाटेने, मी माझ्या. मला भीती वाटली गं. आपल्यात दुसरं होतं तरी काय? ते एक टेबल.”

“काचेपलीकडे जाणार होते रे मी! अमेरिकेला नाही!” तिचा आवाज फुटला. “आणि मला जायचं होतं. कळतंय तुला? तिसरा स्टॉप लागला की त्याच संध्याकाळी मी तुला सांगणार होते. पुलावर. टेबल सुटलं की बोलायला मोकळी होणार होते मी. तू ‘लागला नाही’ म्हणालास, आणि मला वाईट वाटलं... लागला नाही म्हणून!”

त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं तिला दिसलं.

“काय सांगणार होतीस?”

तिने उत्तर दिलं नाही. द्यायचंच होतं, त्यासाठीच तर ती आली होती, पण जरा वेळ हवा होता.

“बस ना,” तो मऊ आवाजात म्हणाला. “इथे दगडावर बस. आज भांगाची भरती आहे, पाणी इथवर यायचं नाही.”

आणि कल्पिताने मान वळवली, आणि पलीकडे बसलेल्या शेवंतीला विचारलं, “मावशी, इथे पाणी येतं का हो?”

शेवंतीने हातातला जवळा खाली ठेवला. “नाय गो बाय, आज नाय येत.” मग तिने मुलाकडे बघितलं, आणि पुन्हा तिच्याकडे. “आताच त्यानं सांगला ना तुला?”

कल्पिताला आपण काय केलं ते आता कळलं. तिने ठरवून केलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं होतं. ती दगडावर बसली.

“मी खरंच सांगितलं होतं,” प्रीतम हळूच म्हणाला.

“माहितेय.”

“मग?”

तिने समुद्राकडे तोंड केलं. मग ती सांगू लागली. मध्ये मध्ये थांबून, कारण हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

“मी लहान होते तेव्हा आईचं ऑपरेशन झालं होतं. त्याच आठवड्यात मालवणला आजी, आईची आई, गेली. बाबांनी आईला सांगितलंच नाही. तिला त्रास होईल म्हणून. रोज ती विचारायची, आई कशी आहे, आणि बाबा सांगायचे, बरी आहे. तेरावंसुद्धा होऊन गेलं, मग सांगितलं. तिच्या भल्यासाठीच केलं रे त्यांनी. खूप प्रेम आहे त्यांचं तिच्यावर. अजूनही आहे.”

“मग आई भांडली?”

“कधीच नाही. एक शब्द नाही. पण आजही बाबांनी बसचा नंबर सांगितला, तर ती चढताना कंडक्टरला पुन्हा विचारते. बाबांनी दूध नासलंय म्हटलं, तर ती मला चव बघायला लावते. बाबा समोर उभे असतात. काही बोलत नाहीत. वीस वर्षं मी दोघांकडे बघतेय.” तिने ओढणीने डोळे पुसले, पण ते थांबेनात. “मी आज तुला हो म्हणायला आले होते, प्रीतम. मेट्रोत बसताना माझं हो होतं. मला वाटलं, मी माफ केलंय.”

“केलं नाहीस?”

“माफ केलंय. विश्वास राहिला नाही. ते माझ्या हातात असतं तर मी इथेच, आत्ता...”

“मी पुन्हा कधी खोटं बोलणार नाही. शप्पथ. आईची शप्पथ घेतो.”

“नाही बोलणार तू. मला माहीत आहे. पण मी विचारत राहणार. तुझ्यासमोर, दुसऱ्या कुणालातरी. रोज. आणि तू गप्प उभा राहशील, तुझं माझ्यावर प्रेम आहे म्हणून. मला नाही बघवणार ते.”

प्रीतम तिच्या शेजारी बसला. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा उरली, आणि ती दोघांपैकी कुणीच भरली नाही.

“तू मला आवडतोस,” ती म्हणाली. आवाजात काहीच उरलं नव्हतं. “रसाच्या रांगेपासून. हे एकदा तरी तोंडाने म्हणायचं होतं.”

“मलाही,” तो म्हणाला, आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला.

भरती पूर्ण भरेपर्यंत ती दोघं तिथेच बसून होती. पाणी खालच्या दगडांना लागून फेसाळलं, थोडं वर चढलं, आणि तिथूनच मागे फिरलं. त्यांचा दगड कोरडाच राहिला. प्रीतमने सांगितलं होतं तसंच झालं होतं.

“सोडायला येऊ?” त्याने विचारलं.

“नको.”

ती उठली, ओढणी सारखी केली, शेवंतीला लांबूनच नमस्कार केला आणि कोळीवाड्याच्या गल्लीत शिरली. मेट्रोच्या रस्त्यापर्यंत तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. तो बघत असेल की नसेल, हे या वेळी तिला माहीत नव्हतं.